ठिपका दिसतो, पण जहाज दिसते का?

३१ जुलै २०११, रविवारची सकाळ. पावसाळ्याने खवळलेला अरबी समुद्र आणि जुहू-वर्सोव्याच्या वाळूवर फिरावयास आलेले अंधेरीकर. त्यांच्यासमोर त्या दिवशी एक अख्खे जहाज वाळूत रुतून उभे होते. जहाजावर ना कप्तान होता, ना एखादा खलाशी. 'पवित' असे त्या तेलवाहू जहाजाचे नाव. जून महिन्याच्या अखेरीस ओमानच्या किनाऱ्याजवळ ते निकामी झाले, खलाशांनी ते सोडून दिले आणि त्यांची सुटकाही झाली. जहाज बुडाले असावे असे समजले गेले. ते मात्र बुडाले नव्हते. महिनाभर वारा आणि लाटा नेतील तिकडे भरकटत, अख्खा अरबी समुद्र ओलांडून ते देशाच्या आर्थिक राजधानीच्या दारात येऊन पोहोचले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर उभारण्यात आलेल्या त्रिस्तरीय सागरी सुरक्षेला त्याचा पत्ता लागला नाही. पत्ता लागला तो किनाऱ्यावरच्या नागरिकांना.

ही घटना एकटी नव्हती. त्याच वर्षीच्या जून महिन्यात कोलंबोहून अलंगच्या जहाजतोडणी केंद्राकडे ओढून नेले जात असलेले 'विस्डम' हे मालवाहू जहाज दोर तुटल्याने भरकटले आणि जुहूच्याच वाळूत येऊन रुतले. 'पवित' किनाऱ्याला लागल्यानंतर चारच दिवसांनी, म्हणजे ४ ऑगस्ट रोजी, मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे २० सागरी मैलांवर 'राक कॅरिअर' हे कोळसावाहू जहाज बुडाले. आठ आठवड्यांच्या आत तीन जहाजे एकाच शहराच्या उंबरठ्याशी संकटात सापडावीत, यास केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येणार नाही. या तिन्हींपैकी 'राक कॅरिअर'ची कहाणी अधिक बोलकी आहे. कारण ते जहाज ना निर्मनुष्य होते, ना भंगारात निघालेले. रीतसर माल भरून, रीतसर कागदपत्रांसह ते निघाले होते.

कोळशाचे जहाज म्हणजे काय?

धान्य, कोळसा, लोहखनिज, खत, सिमेंट असा माल पोत्यांत वा खोक्यांत न भरता सुटाच जहाजाच्या पोटातील कोठारांत ओतला जातो. असा कोरडा सुटा माल वाहणाऱ्या जहाजास 'बल्क कॅरिअर' म्हणतात. 'राक कॅरिअर'वर इंडोनेशियातून गुजरातमधील दहेजकडे निघालेला ६०,०५४ टन कोळसा होता. हा आकडा डोळ्यांसमोर आणावयाचा तर रेल्वेचे सुमारे एक हजार वाघिणी भरून कोळसा एकाच जहाजात मावला होता. पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांतून जेमतेम जाऊ शकणारे या प्रकारचे जहाज साधारणतः २२५ मीटर लांब आणि ३२ मीटर रुंद असते. म्हणजे लांबीला बोरिवलीच्या बारा डब्यांच्या लोकलहून किंचित आखूड, पण रुंदीला तिच्या जवळजवळ नऊपट. भरलेल्या जहाजाचा बारा-चौदा मीटरचा भाग, म्हणजे चार मजली इमारतीइतका, पाण्याखाली असतो.

अशा जहाजाची खरी ओळख त्याच्या नावात नसते, ती त्याच्या जन्मपत्रिकेत असते. ते केव्हा व कोठे बांधले, किती टन भार वाहू शकते, कोठारे किती, पोलाद किती झिजले आहे, मागील तपासणी कोणी व केव्हा केली, विमा कोणाचा, मालक कोण आणि झेंडा कोणत्या देशाचा, ही ती पत्रिका. सुटा माल वरून साधाभोळा दिसतो. प्रत्यक्षात तो फसवा असतो. ओलसर लोहखनिजाची भुकटी लाटांच्या हादऱ्यांनी चिखलासारखी पातळ होते, एका कुशीला सरकते आणि जहाज पाहता पाहता कलते. कोळसा आतल्या आत तापतो, ज्वालाग्राही वायू सोडतो. जुन्या जहाजाच्या झाकणांतून वा झिजलेल्या पत्र्यातून कोठारात पाणी शिरले, तर पुढच्या घडामोडींस फार वेळ लागत नाही. १९८० च्या सप्टेंबरमध्ये 'डर्बीशायर' हे खनिजवाहू ब्रिटिश जहाज जपानजवळच्या वादळात ४४ जणांसह नाहीसे झाले. त्या जहाजाच्या शोधातून आणि त्यावरील दीर्घ चौकशीतून जगाला या वर्गाच्या जहाजांचे दुबळेपण उमगले व पुढे त्यांच्यासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय नियम झाले.

'राक कॅरिअर'वरील तीसही जणांना नौदल व तटरक्षक दलाने वाचविले, ही अभिमानाची गोष्ट. जहाजाला मात्र कोणी वाचवू शकले नाही. त्याच्या टाक्यांत सुमारे २९० टन इंधन तेल व ५० टन डिझेल होते. ते झिरपू लागले आणि काही दिवसांतच जुहूपासून रायगडपर्यंतच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येऊन पडू लागले. नारळी पौर्णिमा अवघ्या नऊ दिवसांवर होती. समुद्राला नारळ अर्पून नव्या हंगामाचा आरंभ करू पाहणाऱ्या कोळी बांधवांपुढे समुद्राने तेलाचा तवंग आणून ठेवला. ज्याने जहाज पाहिले नाही, ज्याचा त्या कोळशाशी काडीचा संबंध नाही, त्याच्या जाळ्यावर त्या जहाजाच्या दुरवस्थेची किंमत वसूल झाली.

स्वतःहून नाव सांगणारी यंत्रणा

यावर आजचा सुशिक्षित वाचक सहज विचारील, की आता तर प्रत्येक जहाज संगणकाच्या पडद्यावर दिसते. मग चिंता कशाची? हे खरेच आहे. कांदिवलीच्या सदनिकेत बसलेला शाळकरी मुलगाही आज भ्रमणध्वनीवर मुंबईबाहेर नांगरलेल्या जहाजांची नावे वाचू शकतो. या चमत्कारामागे 'ए.आय.एस.' म्हणजे स्वयंचलित ओळख प्रणाली आहे. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनेजहून मोठ्या प्रत्येक जहाजावर हे उपकरण अनिवार्य आहे. चालते जहाज दर दोन ते दहा सेकंदांनी आणि नांगरलेले जहाज दर तीन मिनिटांनी रेडिओलहरींवरून आपली जागा, दिशा, वेग व नाव प्रसृत करते. किनाऱ्यावरील केंद्र साधारण वीस ते चाळीस मैलांवरून हा संदेश ऐकते. त्यापलीकडचे उपग्रह ऐकतात.

२००८ च्या आघातानंतर भारताने या क्षेत्रात केलेले काम मोठे आहे. देशाच्या किनाऱ्यावरील ७४ दीपगृहांवर ही श्रवणकेंद्रे बसली. तटरक्षक दलाने पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी रडार आणि कॅमेरे उभारले. या सर्व धाग्यांची गाठ जेथे बांधली जाते, ते माहिती व्यवस्थापन आणि विश्लेषण केंद्र गुरुग्राम येथे २३ नोव्हेंबर २०१४ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते कार्यान्वित झाले. २०१८ च्या डिसेंबरमध्ये हिंद महासागरातील मित्रदेशांशी माहितीची देवाणघेवाण करणारे केंद्रही तेथेच सुरू झाले. याशिवाय मोठ्या जहाजांनी दर सहा तासांनी उपग्रहामार्फत आपला ठावठिकाणा कळविण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे आणि किनारी राष्ट्राला एक हजार सागरी मैलांपर्यंतच्या जहाजांची ही माहिती मागता येते. नौवहन महासंचालनालयाचे मुख्यालयच मुळी घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधल्या कांजूरमार्गला आहे. रोज त्याच्या दारावरून लोकलने जाणाऱ्या हजारो उपनगरवासीयांना त्याची कल्पनाही नसते.

परंतु या यंत्रणेचा मूळ स्वभाव समजून घेतला पाहिजे. ती पाहत नाही, ती ऐकते. जहाज जे सांगेल तेच तिला कळते. वाड्याच्या दरवाजावर पहारेकऱ्याने 'कोण आहे?' असे विचारावे आणि आतून-बाहेरून जे उत्तर येईल ते खरे मानावे, तशी ही रीत. जो उत्तरच देत नाही, त्याचे काय? 'पवित'वर उत्तर देणारा कोणी उरला नव्हता. म्हणून ते मुके जहाज पडद्यावर उमटलेच नाही. २००८ मध्ये कराचीहून निघालेल्या दहशतवाद्यांनी अपहरण केलेली 'कुबेर' ही मासेमारी नौका तर इतकी लहान होती, की अशा उपकरणाची सक्ती तिच्यावर नव्हतीच. जो मुद्दाम उपकरण बंद ठेवतो किंवा खोटे नाव प्रसृत करतो, त्याच्यापुढेही ही यंत्रणा हतबल ठरते. म्हणून रडार, विमाने व मानवी डोळा यांना पर्याय नाही.

ठिकाण कळले, प्रकृती कळली नाही

'राक कॅरिअर'ने दिलेला धडा याहूनही गंभीर आहे. ते जहाज लपून आले नव्हते. ते कोठे आहे हे कळत होते. ते कसे आहे हे विचारले गेले नव्हते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २३ ऑगस्ट २०१६ च्या निकालात हे जहाज सागरी प्रवासास योग्य नव्हते असा निष्कर्ष काढला. जहाजाशी संबंधित परदेशी कंपन्यांनी पर्यावरणाच्या हानीपोटी १०० कोटी रुपये आणि समुद्रतळाशी कोळसा गेल्याबद्दल अदानी एंटरप्रायझेसने ५ कोटी रुपये द्यावेत, असा आदेश दिला. हा निकाल ऐतिहासिक होता. पण तो आला पाच वर्षांनी, आणि तोही मुंबईतील एका पर्यावरण कार्यकर्त्याने दाद मागितली म्हणून.

पडद्यावरील ठिपक्याला वय नसते. नव्याकोऱ्या जहाजाचा ठिपका आणि पत्रे झिजलेल्या जहाजाचा ठिपका सारखाच दिसतो. वास्तविक प्रत्येक मोठ्या जहाजाला सात अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. जहाजाचे नाव बदलो, मालक बदलो, झेंडा बदलो, हा क्रमांक जन्मापासून भंगारापर्यंत बदलत नाही. त्यातील शेवटचा अंक आधीच्या सहा अंकांच्या गुणाकार-बेरजेतून येतो, म्हणून मनाने रचलेला क्रमांक बहुधा लगेच उघडा पडतो. या क्रमांकाच्या आधारे जहाजाचे वय, पूर्वीच्या बंदरांत आढळलेले दोष आणि विम्याची स्थिती आधीच तपासता येते. प्रश्न तांत्रिक क्षमतेचा नाही. पाहण्याच्या इच्छेचा आहे.

कागदावर किती विसंबावे, हेही अनुभवाने शिकविले आहे. २००९ च्या सप्टेंबरमध्ये ओडिशातील पारादीपजवळ लोहखनिजाची भुकटी भरलेले 'ब्लॅक रोझ' बुडाले, तेव्हा त्याच्या विम्याची कागदपत्रे खोटी असल्याचे उघडकीस आले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एम.एस.सी. चित्रा' या कंटेनर जहाजाची 'खलिजिया' या बल्क कॅरिअरशी टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडले व कंटेनर समुद्रात तरंगू लागले. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एम.एस.सी. एल्सा ३' हे ६४० कंटेनरांसह बुडाले आणि केरळच्या मच्छीमारांवर तीच पाळी आली, जी चौदा वर्षांपूर्वी वर्सोव्याच्या कोळ्यांवर आली होती. जहाजे बदलली, राज्य बदलले. दुखणे तेच राहिले.

झेंडा एकाचा, मालक दुसरा

या दुखण्याचे मूळ जागतिक नौवहनाच्या रचनेत आहे. मालक एका देशात, व्यवस्थापन दुसऱ्या देशात, खलाशी तिसऱ्या देशांचे आणि नोंदणी मात्र पनामा, लायबेरिया वा मार्शल बेटांची, असा हा संसार असतो. 'राक कॅरिअर' पनामाच्या झेंड्याखाली होते, 'पवित'ही तसेच. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राष्ट्राचा. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंत केवळ आर्थिक हक्कांचे क्षेत्र. 'राक कॅरिअर' बुडाले ते विसाव्या मैलावर, म्हणजे सार्वभौमत्वाच्या रेषेबाहेर. तेलाच्या तवंगाला मात्र ही रेषा ठाऊक नसते. बंदरात येणाऱ्या परदेशी जहाजाची तपासणी करण्याचा अधिकार भारतास आहे. परंतु जे अद्याप बंदरात पोहोचलेच नाही, त्याची तपासणी तो कशी करणार?

उत्तर एकच: जहाज निघण्यापूर्वी. भारतीय बंदराकडे निघालेल्या जहाजाने माल भरण्याआधीच आपली जन्मपत्रिका सादर करावी. जहाज जुने असेल, तपासणीची मान्यता संशयास्पद असेल वा तेलगळती आणि अवशेष हटविण्याचा विमा पडताळता येत नसेल, तर त्यास प्रवेश नाही, हे आधीच कळवावे. आणि ज्याच्यासाठी माल येतो, त्यानेही जहाज पाहूनच निवडावे. स्वस्त भाड्याच्या मोहाची किंमत कोळीवाड्याने चुकती करू नये. या दिशेने पावले पडली आहेत, हे नमूद केले पाहिजे. २०११ मध्ये भारताने जहाजांचे अवशेष हटविण्याविषयीचा नैरोबी करार स्वीकारला. २०१५ मध्ये इंधनतेलाच्या प्रदूषणाच्या दायित्वाचा करार स्वीकारला. २०२३ मध्ये नौवहन महासंचालनालयाने जहाजांच्या वयोमर्यादेविषयी आदेश काढला आणि २०२५ मध्ये संसदेने १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. कायदा झाला, आता तो राबविणाऱ्यांच्या निर्धाराची कसोटी आहे.

यावर आक्षेप येईल, की अटी कडक केल्या तर भाडे वाढेल, कोळसा महागेल, वीज महागेल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. मुंबईला उजेड देणाऱ्या तुर्भ्याच्या वीज केंद्रातही समुद्रमार्गे आलेला कोळसा जळतो. परंतु भाड्यातील बचत मालकाच्या खिशात जाते आणि अपघाताचा खर्च समाजाच्या माथी बसतो, ही वाटणी न्यायाची नव्हे. जे जहाज विमा उतरवू शकत नाही, ते स्वस्त नसते. त्याचे देयक फक्त दुसऱ्याच्या नावाने निघालेले असते.

दस्तकाची परंपरा

समुद्रावरून जाणाऱ्याची ओळख विचारणे, ही या भूमीला नवी गोष्ट नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरी बेटावर तटबंदी उभारण्यास प्रारंभ केला तो मुंबईच्या तोंडावर नजर ठेवण्यासाठी. इंग्रजांचा सारा विरोध झुगारून ते बेट राखले गेले. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना दस्तक घेणे भाग पाडले. ज्याच्यापाशी दस्तक नाही, त्याची गाठ आरमाराशी. इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटले. कारण आपल्या समुद्रात कोणी आपली ओळख विचारावी, हेच त्यांना रुचले नव्हते. दस्तकामागील तत्त्व सरळ होते: समुद्र सर्वांचा असला, तरी किनाऱ्याच्या सुरक्षेची चिंता किनाऱ्यावर राहणाऱ्यानेच करावयाची असते.

त्या तत्त्वाचा दुसरा पैलू म्हणजे स्वतःची जहाजे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, त्या दिवसाची आठवण म्हणून राष्ट्रीय नौवहन दिन पाळला जातो. १९८७-८८ मध्ये भारताच्या परदेशी व्यापारातील सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जात असे. तीन दशकांनंतर हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास घसरले. आपला माल, आपले बंदर आणि जहाज मात्र परक्याच्या झेंड्याचे, ही स्थिती केवळ परकीय चलनाचा प्रश्न नाही. स्वतःच्या झेंड्याखालील जहाजावर राष्ट्राचा कायदा पोलादाच्या पहिल्या पत्र्यापासून चालतो. म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जहाजबांधणी व नौवहनासाठी मंजूर केलेली ६९,७२५ कोटी रुपयांची योजना स्वागतार्ह ठरते. तिचे फळ मिळण्यास वर्षे लागतील. पण पेरणी तरी झाली.

समुद्राकडे पाठ नको

मुंबईच्या उपनगरांनी समुद्राकडे केवळ सहलीचे ठिकाण म्हणून पाहण्याची सवय लावून घेतली आहे. जुहूला भेळ, गोराईला सुट्टी आणि गणेशविसर्जनास किनारा, एवढाच संबंध उरला आहे. डहाणूजवळ वाढवण येथे आकारास येणाऱ्या महाकाय बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. ते पूर्ण झाल्यावर बोरिवली-गोराईच्या क्षितिजावरून जाणाऱ्या जहाजांची संख्या वाढेल. समृद्धी येईल, तशी जोखीमही येईल.

अशा वेळी समुद्राचे पहिले पहारेकरी कोळी बांधवच आहेत. कोणते जहाज नेहमीचे आणि कोणते अनोळखी, कोणते नांगरावर आहे आणि कोणते भरकटते आहे, हे वर्सोवा वा मनोरीचा तांडेल दुर्बिणीविना सांगतो. त्याच्या निरोपाला सरकारी संदेशाइतकेच मोल मिळाले पाहिजे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्याच्याइतकाच किनाऱ्यावर सकाळी फिरावयास जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावयास हवा. शाळांनी मुलांना एखाद्या रविवारी किनाऱ्यावर न्यावे, क्षितिजावरचे जहाज दाखवावे आणि त्याचे वय, झेंडा व माल शोधून काढावयास सांगावे. त्यातून एखादा सागरी अभियंता घडेल, एखादा कप्तान घडेल. निदान समुद्राकडे डोळसपणे पाहणारा नागरिक तरी नक्कीच घडेल.

२०११ च्या त्या रविवारी 'पवित' किनाऱ्यास लागले, तेव्हा त्यात स्फोटके नव्हती, शत्रू नव्हता. ती नियतीची कृपा होती. व्यवस्थेचे यश नव्हे. कृपेच्या भरवशावर राष्ट्राचा किनारा सोडता येत नाही. ठिपका पडद्यावर दिसू लागला, हे पहिले पाऊल झाले. त्या ठिपक्यामागचे जहाज ओळखणे आणि अयोग्य असल्यास त्यास वेळीच परत फिरविणे, हे पुढचे पाऊल आता उचलावे लागेल. जुहूच्या वाळूने एकाच वर्षी दोनदा दिलेला इशारा तिसऱ्यांदा देण्याची वेळ येऊ न देणे, हेच शहाणपणाचे.